कोऱ्या पानांवरची रेघ

ती उत्तरपत्रिका कोमट होती. एवढंच. सुरुवातीला एवढंच होतं.

गठ्ठ्यातली वरून सातवी. वरच्या सहा गार, खालच्या अठरा गार, आणि मधली ही एकच अशी, जणू कुणीतरी ती बराच वेळ मांडीवर घेऊन बसलं होतं आणि माझी चाहूल लागताच ठेवून गेलं. मी हात मागे घेतला. मग स्वतःशीच हसले. मी मूळचीच भित्री. आई म्हणते, हिच्या मागून मांजर गेलं तरी ही आधी किंचाळते आणि मग विचारते, कोण आहे? त्यामुळे माझ्या दचकण्याला माझ्याच लेखी फारशी किंमत नव्हती. उन्हाने तापली असेल, असं म्हणून मी ती पुढ्यात ओढली. माझ्या टेबलापर्यंत ऊन येतच नव्हतं, हे फार उशिरा लक्षात आलं.

दुपारचे तीन वाजले होते. तपासणीचा तिसरा दिवस. विषय जगाचा इतिहास, आणि माझ्या वाट्याला आलेला विभाग 'राजकीय संघर्ष आणि सामाजिक बदल'. कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावरचा लांबट वर्ग. बाकं काढून टेबलं मांडलेली, खिडक्यांना गज, आणि एकच दार. तपासणी चालू असताना त्या दाराला बाहेरून कडी लावत. गोपनीयतेचा नियम. बाहेर स्टुलावर शिपाईकाका बसायचे. आतून टकटक केली की उघडायचे. फोन खाली फाटकापाशीच जमा करून घेतलेले. सकाळी माणसं बरीच असायची, पण त्या दिवशी बहुतेकांचे गठ्ठे संपले होते. उरलो होतो आम्ही तिघं: मी, शेजारच्या टेबलावर नाना, आणि समोर फळ्याखाली मुख्य परीक्षक बाई.

नाना निवृत्तीला आलेले. पोरांच्या उत्तरांतली रत्नं वेचून वाचून दाखवणं हा त्यांचा एकमेव विरंगुळा. बाई मात्र कधी हसायच्या नाहीत. बाईंचा दरारा असा, की त्यांच्या टेबलापाशी माणसं आपोआप हळू बोलायची. दोन वर्षं मी तासिकांवर शिकवत होते. कायम व्हायचं तर बाईंचं शिफारसपत्र लागणार होतं, आणि या तपासणीत माझं काम कसं होतं त्यावर ते ठरणार होतं. माझा जीव त्या एका कागदावर टांगलेला.

तर ती उत्तरपत्रिका. नावगाव झाकलेलं, वर फक्त स्टिकर. अक्षर गोल, निळ्या शाईचं, दौतीतल्या शाईसारखं जागोजागी दाट. उत्तरं चांगली होती. क्रांत्या का होतात, गिरण्या आल्यावर घरं कशी बदलली, बायकांना मताचा हक्क मिळवायला किती वर्षं लागली, सगळं नेमकं. पण प्रत्येक उत्तर थोडं अपुरं, वेळ संपत आल्यासारखं. शेवटचा प्रश्न होता: 'आपल्या परिसरातील एका राजकीय संघर्षाची जगातील एखाद्या घटनेशी तुलना करा.' त्याचं उत्तर जेमतेम अर्धं पान.

'सत्ता कुणाचीही येवो, आधी कुलपं बदलतात,' अशी सुरुवात होती. मला आवडली. पुढे जगातल्या एका राजवाड्याची हकिगत, आणि मग: 'आपल्याकडे मतपेट्यांची जाळपोळ झाली तेव्हा वर परीक्षा चालू होती. बाहेर आरडाओरडा ऐकू आला, तेव्हा आमच्या वर्गावरच्या बाई'

वाक्य तिथेच तुटलं होतं. पुढची पानं कोरी.

मी सहापैकी दोन दिले आणि बेरीज केली. चौतीस.

पेपर तपासणाऱ्याला विचारा, चौतीस हा आकडा कुणी ठेवत नाही. पस्तीसला पास. त्यामुळे एक तर कुठून तरी एक मार्क शोधून काढायचा, नाहीतर सरळ तीसवर आणायचं. चौतीस म्हणजे दारापर्यंत आणून तोंडावर दार लावणं. दुसरा नियम कोऱ्या पानांचा. तपासून झालं की प्रत्येक कोऱ्या पानावर लाल पेनाने तिरपी रेघ ओढायची, म्हणजे मागाहून कुणी काही लिहायला नको. मी पेनाचं टोपण काढलं, आणि तेवढ्यात नाना खाकरले. माझ्या हातून पेन पडलं.

"अगं, मी आहे," नाना म्हणाले. "ऐक तर. एक पोरगं लिहितंय, 'प्रजेने राजाचा राजीनामा मागितला. राजाने विचार करायला वेळ मागितला. मग प्रजेने त्याचं डोकंच जमा करून घेतलं.'"

मी हसले. "मार्क किती दिलेत, नाना?"

"अडीच. राजापेक्षा त्याला परिस्थिती लवकर कळली."

या बोलण्यात रेघा राहून गेल्या. चूक म्हणायची तर माझी ती एवढीच.

पेन उचलून मी पुन्हा त्या चौतिसाकडे वळले. एक मार्क शोधायचा म्हणून शेवटचं उत्तर परत उघडलं. तुटलेलं वाक्य तुटलेलं नव्हतं.

'तेव्हा आमच्या वर्गावरच्या बाई उठल्या. म्हणाल्या, शेवटची दहा मिनिटं आहेत, नियमाप्रमाणे कुणी जागा सोडायची नाही. मी बघून येते. बाई नव्याच होत्या. घड्याळ उजव्या हाताला बांधायच्या. त्यांनी बाहेरून कडी लावली.'

मला वाटलं, मघाशी दोन पानं एकदम उलटली असतील. मी पानं मोजली. नाही. हेच पान. आणि ओळीतला शेवटचा शब्द ओला होता. मी बोट लावलं, बोटाला निळं लागलं.

हा प्रसंग आम्हाला सगळ्यांना पाठ. तीसेक वर्षांपूर्वीचा, याच कॉलेजातला, याच मजल्यावरचा. पुस्तकात चार ओळींत आहे, परीक्षकांना दिलेल्या आदर्श उत्तरातही आहे: 'हरलेल्या गटाने केंद्राच्या तळमजल्यावरील मतपेट्या पेटवल्या. वरच्या मजल्यावरील परीक्षार्थी मुलींनी घबराटीत आतून कडी लावून घेतल्याने एकोणीस जणी मृत्युमुखी पडल्या.' दोन गुण. मी हेच घोकून पास झाले होते, आणि दोन वर्षं हेच शिकवत होते. आतून कडी.

मी दाराकडे पाहिलं. जुनं, जाड फळ्यांचं दार. आतल्या बाजूला कडी नव्हतीच. कडी काढल्याची खूण नाही, खिळ्याची भोकं नाहीत. त्या दाराला आतून कडी कधी नव्हतीच.

कागदावर कुरकुर ऐकू आली. निब चालते तशी. मी खाली पाहिलं.

अक्षरं उमटत होती. घाई नव्हती त्यात. एकेक अक्षर, वर नीट शिरोरेघ, जशी हुशार मुलगी शेवटच्या प्रश्नाला हस्ताक्षर बिघडू देत नाही.

'आधी जमीन गरम झाली. चपलांचे तळ चिकटायला लागले. पहिल्या बाकावरच्या दोघी दाराकडे गेल्या. आम्ही कडी काढा म्हणून हाका मारल्या. बाहेर बाई होत्या. घड्याळ दारावर आपटल्याचा आवाज आला म्हणून मला माहीत आहे. बाई म्हणाल्या, परवानगी आणते…'

मी काय करावं? किंचाळावं? बाई समोर बसल्या होत्या. मान खाली, काहीतरी लिहीत होत्या. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ मला इतक्या दिवसांत रोज दिसलं होतं. उजव्या मनगटावरचं.

आणि मग मी जे केलं ते सांगायला आजही जीभ अडखळते. मी लाल पेन घेतलं आणि त्या चालू वाक्यावरून रेघ ओढली. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरपी. मला ते थांबायला हवं होतं. बस्स, थांबायला हवं होतं.

कुरकुर थांबली. एक क्षण. मग रेघेच्या बाजूला उरलेल्या जागेत पुन्हा सुरू झाली, बारीक अक्षरात. मी पुढच्या पानावर रेघ ओढली, त्याच्या पुढच्या, त्याच्याही पुढच्या. अक्षरं माझ्या पुढे जात नव्हती, पण थांबतही नव्हती. समासात, दोन ओळींच्या मधे, मिळेल तिथे. एखाद्याच्या हातावर आपण पाय देतो आहोत आणि तो हात काही न बोलता जरा बाजूला सरकतो आहे, तसं. शब्द इतके बारीक झाले होते, की मला तुटक तुटक दिसत होतं. '…कुणी उठलं नाही मग… पेपर सोडवत बसलो… बाई येतील म्हणून…'

शेवटच्या पानाच्या तळाशी, पट्टी धरून ओढाव्यात तशा दोन समांतर निळ्या रेघा आल्या. शेवटचं उत्तर संपलं की मुलं मारतात तशा. आणि कुरकुर संपली.

"काय झालं?" बाईंचा आवाज. त्या मान वर न करताच बोलल्या होत्या.

"काही नाही, बाई… ही एक…"

"गरम आहे का?"

नानांनी हातातली उत्तरपत्रिका खाली ठेवली आणि चष्मा पुसायला घेतला. नुकताच पुसलेला चष्मा.

बाई उठून माझ्या टेबलापाशी आल्या. उत्तरपत्रिकेला हात न लावता, लांबूनच पाहत उभ्या राहिल्या.

"दरवर्षी एक येते," त्या म्हणाल्या. "नवीन माणसाच्याच गठ्ठ्यात. तुला आधी सांगितलं असतं तर तू तपासायला बसली नसतीस. किती झाले?"

"चौतीस."

"बरोबर. तेवढेच होतात. ठेव आणि सही कर."

"पण बाई, एक मार्क…" माझा आवाज मलाच ऐकू येईना. "शेवटच्या उत्तरात तिने पुढे लिहिलंय. एक मार्क सहज बसतो."

"आदर्श उत्तरात आहे का ते?"

"नाही."

"मग चूक आहे ते. चुकीला मार्क नसतात." बाई शांतपणे म्हणाल्या, वर्गात शिकवताना म्हणावं तशाच. "चौकशी झाली होती. दार आतून बंद होतं. तेच पुस्तकात आलं, तेच तू शिकलीस, तेच शिकवतेस. तुझ्या पगारात ते वाक्य आहे, पोरी."

मी नानांकडे पाहिलं.

"ठेव गं चौतीस," नाना पुटपुटले. "मीही ठेवलेत माझ्या वेळी. सगळ्यांनी ठेवलेत. एका सहीचा प्रश्न आहे."

"मग शून्यच का नाही देत?" मी विचारलं. कुठून बळ आलं कुणास ठाऊक. "तिला एकदाचं…"

"शून्य मिळालेला माणूस नाद सोडतो," बाई म्हणाल्या. "नापासांच्या यादीत शून्यवाली शोधूनही सापडत नाही, कुठे जाते कुणाला कळत नाही. चौतीसवाली पुन्हा बसते. एका मार्काने गेलं म्हणते आणि पुढच्या वर्षी त्याच वर्गात, त्याच बाकावर येऊन बसते. जोवर ती पेपर सोडवत बसलीय, तोवर ती वर्गात आहे. कळलं? तोवर ती बाहेर नाही."

त्यांनी हे इतकं घरगुती सुरात सांगितलं, की क्षणभर मला ते शहाणपणाचंच वाटलं. दरवर्षी एका मुलीला एक मार्क कमी द्यायचा. त्या बदल्यात एक बाई मुख्य परीक्षक होते, निवांत झोपते.

"रेघा ओढल्यास ना सगळ्या?" बाईंनी विचारलं.

"ओढल्या… पण उशिरा. आधी राहिल्या होत्या."

त्यांचा चेहरा पहिल्यांदाच हलला. "राहिल्या? किती लिहिलं तिने?"

"सगळं. शेवटच्या पानापर्यंत."

"शेवटी काय आहे?"

"दोन रेघा. पट्टीने मारलेल्या."

नानांची खुर्ची मागे सरकली. बाई डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून उभ्या राहिल्या.

"म्हणजे पेपर पुरा केला तिने," नाना हलक्या आवाजात म्हणाले. "बाई, पेपर पुरा झाला की मूल वर्गाबाहेर जातं…"

"नाना, गप्प बसा." मग माझ्याकडे वळून, अगदी मायेने: "बेटा, तू चौतीस लिही. अक्षरात लिही आणि सही कर. तुझं पत्र मी उद्या सकाळी माझ्या हाताने करते."

आणि मी केली. काय सांगू? मला कुणी मारलं नाही, धमकावलं नाही. समोर ते पत्र दिसत होतं, आईचा चेहरा दिसत होता. 'चौतीस फक्त' असं मी लाल पेनाने लिहिलं आणि खाली पूर्ण सही केली, नाव वाचता येईल अशी. सही होताच उत्तरपत्रिका गार पडली. एकदम. ताप उतरून नव्हे, जीव जाऊन अंग गार पडतं तशी.

"शेजारी तुमची सही, बाई," मी पेन पुढे केलं. मुख्य परीक्षकाची सही प्रत्येक चौतीसवर लागते.

बाईंनी पेन घेतलं नाही. "माझी नंतर. सध्या एकच नाव असू दे त्यावर." त्यांनी पर्स खांद्याला लावली. "नाना, चला. शिपायाला घेऊन खाली जाऊ, गठ्ठे मोजून घ्यायचेत. तू बस गं. आम्ही येतो बघून."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी म्हणणार होते. मग त्यांनी खिशात पेन खोचलं, आणि बाईंच्या मागे गेले. दार उघडलं, मिटलं. बाहेरून कडी सरकली. तीन जोड्या पावलं जिन्यावरून उतरत गेली. काकांच्या चपलांची फटफट मी ओळखत होते, तीही गेली.

मी एकटी उरले. पंखा फिरत होता. खिडकीबाहेर भर दुपार होती, खालच्या रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. इतकी साधी दुपार. आणि माझ्यापुढे ती उत्तरपत्रिका, बर्फासारखी.

मी 'चौतीस'कडे पाहत बसले. 'फक्त' हा शब्द तिथे लिहायची काय गरज होती? चौतीस खोडून पस्तीस करायला किती वेळ लागतो? दोन सेकंद. पण खाडाखोडीवर मुख्य परीक्षकाची सही नसेल तर ती ग्राह्य धरत नाहीत, आणि खाडाखोड कुणी केली ते माझ्या सहीवरून लगेच कळलं असतं. मी पेन 'चौतीस'वर टेकवलं. उचललं. परत टेकवलं. तिथे एक लाल ठिपका पडला, तो पसरत गेला, पण त्याची रेघ काही झाली नाही. ती मुलगी पास व्हायला मला हवी होती. खरंच हवी होती. फक्त ते दुसऱ्या कुणीतरी करावं असं वाटत होतं.

मग तळपायांना जाणवलं. आधी वाटलं, पायाला मुंग्या आल्यात. मी चप्पल उचलली तर ती फरशीवरून सुटताना चिकटल्यासारखी चर्रकन आवाज करत सुटली.

मी दाराकडे धावले. "काका," हाक मारली. "काका, दार उघडा."

काहीच नाही.

टकटक केली. मग मुठीने ठोकलं. दार लाकडाचं, पण मूठ टेकवली की चटका बसत होता. "बाई… नाना… मी आत आहे."

जिन्यात शांतता. एवढी मोठी इमारत, तीन माणसं नुकतीच उतरून गेलेली, आणि कुठे पाऊल नाही, बोलणं नाही. मागे पाहायची हिंमत होत नव्हती. टेबलावर ती उत्तरपत्रिका आहे की नाही हे मला पाहायचं नव्हतं. प्रत्येक हाकेनंतर मी कान देत होते. किती हाका मारल्या, आठवत नाही. काकांना, नानांना, बाईंना, शेवटी आईला. मग नावं संपली आणि मी नुसतंच म्हणत राहिले, "कुणी आहे का… कुणीतरी आहे का तिथे…"

"हो," बाहेरून उत्तर आलं.

मुलीचा आवाज. समजूतदार, थोडा दमलेला. दाराच्या बरोब्बर पलीकडून, पण माझ्या उंचीवरून नाही. खालून. दाराच्या आणि फरशीच्या मधल्या फटीतून, कुणी जमिनीला गाल टेकवून, तोंड फटीला लावून बोलावं, तिथून.

"मॅडम, मला किती मिळाले?"